तीन इंच पाच सूत : खिडकीच्या एका पट्टीचं प्रकरण

ताईने पाठवलेल्या फोटोत खिडकीच्या बाहेरच्या पट्टीचा रंग फक्त खालच्या टोकाला फुगलेला दिसत होता. घर अमेरिकेतलं, लाकडी, १९५८ च्या सुमाराचं. बाहेरच्या भिंतीवर आडव्या फळ्या एकावर एक चढवलेल्या, आणि प्रत्येक खिडकीभोवती चार सपाट पट्ट्या. भिंतीच्या फळ्यांची टोकं या पट्ट्यांना येऊन भिडतात, म्हणजे पट्टी नुसती शोभेची नाही. चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा तीच झाकते. डावीकडच्या उभ्या पट्टीत ताईने स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला, तर तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

मी तिला फोनवरच सांगितलं, "रुंदी मोजून ठेव आणि मी येण्याआधी एक बाय चारची (नावाने एक इंच जाड, चार इंच रुंद) एक फळी आणून ठेव." तिने टेप लावली, पावणेचार इंचांच्या आत काहीतरी भरलं, आणि तिने फळी आणली. चूक माझी होती आणि ती दोन ठिकाणी होती. एक, रंगाच्या थरांवरून घेतलेलं माप मी माप मानलं. दुसरी अधिक मोठी : फळीचं नाव तेच म्हणजे मापही तेच, असं मी न तपासता धरून चाललो.

मी पोहोचलो त्या सकाळी नवी फळी पट्टीच्या जागी धरून पाहिली. खिडकीच्या बाजूने नीट बसली, पण भिंतीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत बारीक, सरळ फट राहिली. जाडीत मात्र डोळ्यांना फरक दिसत नव्हता. मग वरच्या टोकाला, जिथे लाकूड खडखडीत होतं, तिथे बोटभर जागेतला रंग काढून व्हर्नियर कॅलिपर लावला. जुनी पट्टी ९२ मिलिमीटर रुंद आणि १९.८ जाड. नवी फळी ८९ रुंद आणि १९ जाड.

हे आकडे सुतांत मांडले की सगळा उलगडा होतो. इंचाचे आठ सूत, एक सूत म्हणजे ३.२ मिलिमीटरला किंचित कमी. जुनी पट्टी तीन इंच पाच सूत, नवी तीन इंच चार सूत. जाडीला जुनी सव्वासहा सूत, नवी सहा सूत. रुंदीत नेमका एक सूत आणि जाडीत पाव सूत. इतका नेमका फरक योगायोगाने पडत नाही, आणि लाकूड आक्रसूनही पडत नाही. आक्रसलेल्या लाकडाचं माप असं सुताच्या रेघेवर येऊन थांबत नसतं. दोन्ही फळ्या आपापल्या काळच्या नियमाप्रमाणे बरोबर होत्या.

उत्तर अमेरिकेतली लाकडाची मापं नावापुरती असतात. "एक बाय चार" हे करवतीतून निघालेल्या ओल्या, खडबडीत फळीचं नाव. ती वाळते, चारही बाजूंनी रंधली जाते, आणि हातात येते तेव्हा तिचा एक इंच सहा सुतांचा आणि चार इंच साडेतीन इंचांचे झालेले असतात. वाळवून-रंधून किती उरलं पाहिजे याचं पहिलं राष्ट्रीय प्रमाण अमेरिकेत १९२४ मध्ये ठरलं. त्यानंतरच्या दशकांत इंची फळी सव्वासहा सूत जाड आणि चार इंची फळी तीन इंच पाच सूत रुंद असायची. आजची मापं १९७० च्या सुधारित प्रमाणाने पक्की झाली. म्हणजे ताईच्या घराची पट्टी आणि दुकानातली फळी यांचं नाव तेच राहिलं, पण मधल्या काळात माप सुताने घटलं. त्याहून जुन्या घरांत याहूनही भरीव मापं सापडतात, कधी पुरा इंच जाड. आपलं घर कोणत्या सालातलं हे ठाऊक असेल तर कोणतं माप शोधायचं याचा अंदाज मोजण्याआधीच बांधता येतो. अर्थात मोजण्याला तो पर्याय नाही.

ताईने विचारलेला प्रश्न रास्त होता. "तीन मिलिमीटरची तर फट आहे. सीलंट भरून टाकलं तर काय बिघडेल?"

यावर मी तिच्याशी बराच वेळ बोललो, कारण बहुतेक दुरुस्त्या याच ठिकाणी घसरतात. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला हलतं. नवी फळी ईस्टर्न व्हाइट पाइनची होती. या जातीचं लाकूड पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आक्रसतं, तर वलयांना छेदणाऱ्या दिशेने जेमतेम २ टक्के. आर्द्रतामापक लावला तर फळीत १६ टक्के ओल निघाली. भिंतीवर बसून ती ११ पर्यंत उतरली, तर चपट्या कापाच्या, म्हणजे टोकाला वलयं आडवी दिसणाऱ्या, फळीची रुंदी साधारण १ टक्क्याने, म्हणजे ०.९ मिलिमीटरने घटेल. पट्टी खिडकीच्या बाजूने खिळलेली असल्याने हा सगळा ताण भिंतीकडच्या फटीवर येणार. तीन मिलिमीटरच्या फटीला ०.९ म्हणजे ३० टक्के ताण. चांगल्या सीलंटांपैकी पुष्कळसे फटीच्या २५ टक्के हालचालीसाठी बनवलेले असतात. याहून लवचीक सीलंटही मिळतात, हे मी तिला सांगितलं. पण उथळ फटीत सीलंट दोन्ही कडांबरोबर मागच्या पृष्ठभागालाही चिकटतो, मग त्याला मोकळेपणाने ताणता येत नाही आणि तो एका कडेने सुटतो. सुटतो तोही केसाएवढाच, बाहेरून दिसणार नाही इतका. त्या केसातून पाणी आत ओढलं जातं. बाहेर पडायला मात्र त्याला वाट नसते, कारण बाकीच्या लांबीत सीलंट अजून घट्ट असतो.

"म्हणजे फट भरली तर न भरण्यापेक्षा वाईट?" तिने विचारलं. अशा फटीच्या बाबतीत मला तसंच वाटतं. सुतार सांधा जुळवतो तेव्हा सीलंट मदतीला असतो. सांधा जुळलाच नाही तर त्याची जागा सीलंटने घ्यावी, अशी अपेक्षा मी त्याच्याकडून करत नाही.

मग पर्याय मांडले. चारही पट्ट्या काढून नव्या बसवाव्यात, म्हणजे त्या एकमेकींशी जुळतील. पण भिंतीच्या फळ्या जुन्या मापाला कापलेल्या, त्यामुळे फट एका बाजूऐवजी चहूबाजूंनी झाली असती. एक बाय चारच्या कडेला सुताची चिंचोळी पट्टी चिकटवता आली असती, पण उन्हापावसात तो जोड पहिला उकलतो आणि त्याची रेघ रंगातून वर येते. उरला तो सरळ मार्ग : गरजेपेक्षा रुंद आणि जाड लाकूड आणायचं, आणि ते जागेच्या मापाला उतरवायचं.

किती मोठं, हे मात्र मापाइतकंच तुकड्याच्या लांबीवर ठरलं. तोपर्यंत मी पट्टी खालून वर टोचत गेलो होतो. वीतभर लाकूड पार पोकळ, त्याच्या वर थोडं मऊ, आणि ३४ सेंटिमीटरच्या वर ठणठणीत. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात, म्हणून काप ४८ सेंटिमीटरवर घ्यायचा ठरवला. वरचा भाग जागेवरच ठेवायचा. तो काढताना वरच्या आडव्या पट्टीचा सांधा आणि भिंतीच्या फळ्यांची टोकं दुखावली असती, आणि त्या जुन्या लाकडात दोष काहीच नव्हता. उलट त्याच्या टोकाला इंचात वीसएक वर्षवलयं मोजता येत होती. नव्या फळीत सहाच.

आता नवा आणि जुना तुकडा एका रेषेत, टोकाला टोक भिडून येणार होते. त्यामुळे जाडीतला पाव सूतही महत्त्वाचा झाला. पुरी पट्टी बदलली असती तर ०.८ मिलिमीटर कोणाच्या नजरेत आले नसते. मागे डांबरी कागदाचा पदर देऊन भागलं असतं. पण जोडावर दोन पृष्ठभाग शेजारी येतात, आणि तिरप्या उन्हात एवढीशी पायरीही सावली टाकते. म्हणून पाच-चतुर्थांश जाडीची फळी आणली. नावाने सव्वा इंच, हातात पूर्ण एक इंच. सव्वासहा सुतांवर यायला तिच्यातून पावणेदोन सूत काढायचे. याहून बराच लांब तुकडा असता तर हाताच्या रंध्याने एवढं काढायला मी तयार झालो नसतो. अर्धा मीटर हे एका दुपारचं काम.

रुंदीला सहा इंची घेतली, म्हणजे हातात साडेपाच इंच. इथे एक फायदा असा झाला जो फळी निवडताना मलाही आधी सुचला नव्हता. साडेपाच इंचांतून तीन इंच पाच सूत काढायचे तर ते डाव्या कडेने काढायचे की उजव्या, हे आपल्या हातात राहतं. फळीचं टोक पाहिलं तर एका बाजूला वर्षवलयं आडवी पसरलेली होती, आणि दुसऱ्या कडेला जवळजवळ उभी. झाडाच्या गाभ्याजवळून काढलेल्या रुंद फळीत असं पुष्कळदा दिसतं. उभ्या वलयांचं लाकूड रुंदीला कमी आक्रसतं आणि कमी वाकतं. वर सांगितलेल्या ६ आणि २ टक्क्यांतला फरक इथे कामी येतो. आम्ही उभ्या वलयांची बाजू घेतली. नेमक्या रुंदीची फळी आणली असती तर ही निवड करताच आली नसती. त्या दिवसापासून बाहेरच्या कामासाठी मी फळी निवडतो तेव्हा आधी टोक पाहतो, मग सरळपणा आणि गाठी.

फळी लगेच कापली नाही. पडवीत, पाऊस लागणार नाही पण बाहेरची हवा लागेल अशा जागी, खाली बारीक काठ्या देऊन आठवडाभर ठेवली. घरात ठेवली असती तर बाहेर लागणाऱ्या पट्टीला घरातल्या कोरड्या हवेची सवय लागली असती. सातव्या दिवशी मापक १२ वर आला.

जुना भाग काढण्याआधी रंगाचा प्रश्न होता, आणि त्यात मी घाई करू दिली नाही. ताईचं बाळ दहा महिन्यांचं, रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालणारं. इतक्या जुन्या घराच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ मध्ये बंद झालं. शिशाच्या धुळीची लहान मुलांच्या मेंदूला होणारी इजा भरून येत नाही. म्हणून सँडपेपर कोरडा मारायचा नाही, रंग जाळायचा नाही. खाली प्लास्टिक अंथरलं, खिडकी आतून बंद करून कडांना चिकटपट्टी लावली, तोंडावर धुळीचा चांगला मास्क, आणि रंग पाण्याने भिजवून खरवडला. ढलप्या ओल्या असतानाच गोळा करून बांधल्या. कपडे बाहेरच बदलले. या सगळ्यात अर्धा दिवस गेला, आणि तो अर्धा दिवस मी पुन्हाही खर्च करेन.

मग मोकळ्या झालेल्या जागेचं खरं माप घेतलं. जुन्या पट्टीची रुंदी ९२ होती, म्हणून जागाही ९२ असेल असं वाटतं. कापाच्या उंचीला ती ९२ च होती. खाली सिलपाशी, म्हणजे खिडकीखालच्या उतरत्या फळीपाशी, ९३.५ निघाली, कारण भिंतीच्या खालच्या दोन-तीन फळ्यांची टोकं मुळातच थोडी आखूड कापलेली होती आणि तिथे पूर्वी कोणीतरी लांबी (पुट्टी) भरून वेळ निभावली होती. तुकडा नुसता तीन इंच पाच सुतांना कापला असता तर खाली, जिथे पाणी सर्वांत जास्त साचतं, तिथेच दीड मिलिमीटरची फट राहिली असती. म्हणून रुंदी सुताभराने जास्त ठेवून कापली, आणि भिंतीकडची कड रंध्याने उतरती केली. दोन-चार हात मारायचे, लावून पाहायचं, अडतं तिथे पेन्सिलीची खूण करायची, पुन्हा रंधा. भिंतीकडे फक्त रंगाच्या थराएवढी जागा ठेवली.

जाडी उतरवताना दोन्ही बाजूंनी सारखं काढलं. सगळे पावणेदोन सूत एकाच बाजूने काढले तर आतला ताण एकीकडून सुटतो आणि सपाट फळी रात्रीतून खोलगट होते.

जोडाचा काप सरळ आडवा घेतला नाही. आडव्या जोडात पाणी उभं राहतं. ४५ अंशांचा तिरपा काप असा घेतला की उतार बाहेरच्या बाजूला यावा. वरचा जुना तुकडा खालच्या नव्यावर चढतो, कौलावर कौल चढतं तसा, आणि ओघळ सांध्यात न शिरता पुढे निघून जातो. जागेवर असलेल्या पट्टीला असा काप देणं अवघड. मी ४५ अंशांचा लाकडी ठोकळा पट्टीवर चिकटवून, त्याला करवत टेकवून कापलं, आणि मागच्या बाजूचा शेवटचा भाग पटाशीने साफ केला. इथे धारदार पटाशी नसेल तर काम पुढे ढकलावं.

कुजण्याचं मूळ कारण खालच्या टोकाला होतं, आणि ते तसंच ठेवून वर कितीही जुळणी केली तरी उपयोग नव्हता. जुनी पट्टी सिलवर सपाट टेकलेली होती. लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे बारीक नळ्यांची उघडी तोंडं. सिलवरून वाहणारं पाणी ती वर खेचतात, आणि दर्शनी रंगामुळे ते परत सुकत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. हे टोक अनेक पावसाळे त्याच्या बरंच वर राहिलं असणार. नव्या तुकड्याचं टोक सिलच्या उताराला बेव्हल गेजने (कोन उतरवून घ्यायच्या हत्याराने) जुळवून तिरकं कापलं आणि सिलपासून दोन सूत वर उचललेलं ठेवलं. ही फट मुद्दाम उघडी ठेवली. काही जणांना ती अपूर्ण कामासारखी दिसते. पण पाणी टोकाला लागणार नाही आणि वारा लागत राहील, याची खात्री तिच्यातून मिळते, आणि माझ्या मते ती दिसण्यापेक्षा मोलाची आहे.

रंग लावायच्या आधी सहाही बाजूंना प्रायमर दिला, मागची बाजू धरून, आणि दोन्ही टोकांना तीन हात, लाकूड पिणं थांबवेपर्यंत. जोडाला इपॉक्सी, खालून-वरून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, त्यांची डोकी खाली दाबून भरलेली. भिंतीकडच्या केसभर सांध्यात सीलंटची बारीक रेघ ओढली. आता तिच्यावर भार नव्हता. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात जोडावरून हात फिरवला तेव्हा पायरी लागली नाही. ताईने डोळे मिटून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुठे आहे जोड?"

सहा इंची फळीतून पट्टी काढल्यावर करवतीचा भुसा वजा जाता पावणेदोन इंचांपेक्षा थोडं कमी लाकूड उरलं, पण आडव्या वलयांचं. ते बाहेर वापरायचं नाही, असं त्यावरच लिहून ठेवलं. परत न देता आलेली एक बाय चार मात्र घरातल्या कपाटाच्या फळीला टेकू म्हणून उपयोगी पडली.

जाण्याआधी बाकीच्या पाच खिडक्यांच्या पट्ट्या मोजून कागदावर उतरवल्या, म्हणजे पुढच्या वेळी फोनवरून अंदाज सांगायची वेळ येणार नाही. चार खिडक्या तीन इंच पाच सूत. मागच्या अंगाची पाचवी तीन इंच चार सूत. तिची डावी पट्टी कधीतरी बदललेली होती, आणि भिंतीच्या बाजूने वरपासून खालपर्यंत सीलंटची एक सूत रुंद, नीट रंगवलेली रेघ होती. रेघ पाहताना कुठे तुटलेली दिसली नाही. तिच्या शेजारच्या भिंतीच्या फळीच्या टोकात मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, आणि तो जोर न लावता अर्धा इंच आत गेला. ताई शेजारी उभी होती. तिने कागदावर त्या खिडकीसमोर "पट्टी, शिवाय फळ्या ३" असं लिहिलं, आणि सहा इंचीची आणखी एक फळी आणून पडवीत काठ्यांवर ठेवायची, हे तिचं तिनेच ठरवलं.